उशिराचं कारण

प्रिय ताई,

परवा कोर्टात मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तुला दिसलो की नाही, कोण जाणे. तुझं अपील पाच मिनिटांत फेटाळलं गेलं. तुझी बाजू खरी की खोटी हे कुणी बघितलंच नाही. एकाहत्तर दिवस उशीर झाला, एवढंच बघितलं. का झाला, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तू वकीलबाईंकरवी आजारपणाचं कारण सांगितलंस. सव्वीस वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांची आजारपणं काढलेल्या बाईला स्वतःच्या आजारपणाचा एक कागद दाखवता आला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. तू नीट जेवत नाहीस म्हणाली. आणि तुझे पांढरे गणवेश धुऊन, इस्त्री करून परत कपाटात ठेवलेस म्हणे. कशासाठी, ते तिला कळेना. मला कळलं.

त्या पेशंटचं इंजेक्शन डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तू सांगितलं तसंच दिलंस, आणि पेशंट दगावल्यावर डॉक्टरांना फोन आठवेना. न्यायाधिकरणानं तुझी बडतर्फी कायम केली त्या संध्याकाळी तू निकालाची प्रत खाकी पाकिटात घालून माझ्याकडे आलीस. धाकटा भाऊ दर रविवारी पेपरात कोर्टाच्या निकालांवर लिहितो, म्हणजे त्याला सगळा कायदा तोंडपाठ, अशी तुझी भाबडी समजूत. मीही चष्मा पुसत, चांगला वकील बघून देतो, तू निर्धास्त राहा, असं ऐटीत सांगितलं. घरात तू मला जजसाहेब म्हणून चिडवतेस ते काही उगाच नाही.

त्याच आठवड्यात संपादकांनी नेमका तुझ्याच निकालावर लेख मागितला. ती माझी सख्खी बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सांगायला माझी जीभ रेटली नाही. असे कडक निकाल हवेतच, असं मी ठणकावून लिहिलं. वाचकांची पत्रं आली, ऑफिसात पाठ थोपटली गेली. तो लेख तू वाचलास का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्यानंतर ते पाकीट टेबलाच्या खणातून काढावंसंच वाटेना. तू जिंकली असतीस तर मी तोंडघशी पडलो असतो. तू दर सोमवारी फोन करायचीस. मी कधी कोर्टाला सुट्टी आहे, कधी वकील बाहेरगावी गेलेत, असं काहीबाही ठोकून द्यायचो. मुदत कधी संपते हे तुला ठाऊक नव्हतं, मला होतं. ती संपली त्या दिवशी मी कॅलेंडर बघितलं आणि चहा करून प्यालो. शेवटी तूच कंटाळून पाकीट परत नेलंस आणि स्वतः वकीलबाई शोधल्यास.

आज सकाळी मी त्यांना भेटून आलो. उशिराचं खरं कारण लेखी पुढे आलं तर फेरविचाराचा अर्ज करता येईल, म्हणाल्या. खात्री देत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. तुझी नोकरी आणि तुझं नाव परत मिळवायची आता तेवढीच वाट उरली आहे, म्हणून हे पत्र. मागच्या बाजूला पूर्ण नावानं सही आणि तारीख घातली आहे. माझं सदर बंद होईल, होऊ दे. भीती एकच आहे, तू हे वाचून फाडून टाकशील. लहानपणापासून माझी प्रत्येक लबाडी तू पोटात घातलीस, परवा भर कोर्टातसुद्धा घातलीस. ही घालू नकोस, ताई. हे पत्र वकीलबाईंच्या हातात दे.

तुझाच,
धाकटा