बाकाचं दुसरं टोक

३ जून
पुन्हा तो आवाज. बेसबॉलच्या सरावात चेंडू टाकताना हात पुढे येता येता — कोपरात ओली काडी मोडावी तसा. थांबलो. दुखलं काहीच नाही. बोटं हलत होती.
संघाचा फिजिओ कॉर्विन. त्याने कोपर दाबून पाहिलं, एमआरआयचे जुने फोटो उजेडात धरले. म्हणाला, कोपर ठणठणीत आहे, इलाज कानाचा करायला हवा. सगळ्यांत जास्त मीच हसलो. कोपर दोनदा फाडून शिवलेल्या माणसाला हसणं जमतं.

५ जून
बायकोचा, जोलीनचा फोन. आवाजाचं सांगितलं नाही. तिने हाताचं विचारलं नाही. म्हणजे तिला माहीत आहे.

९ जून
शनिवारी वरच्या लीगमधल्या संघाची माणसं मला बघायला येणार. मॅनेजर म्हणाला, नीट टाकलंस तर वर जाशील. चौतिशीत कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. आर्कान्सॉमध्ये कोंबड्यांच्या कारखान्यात पेट्या उचलायचो. तिथून इथवर ह्याच हाताने आणलं.
माझे चेंडू झेलणारा आमचा कॅचर अन्सेल्मो म्हणतो, "म्हाताऱ्या, तुझा चेंडू येईस्तोवर माझी एक डुलकी होते." ह्याचं तोंड चर्चमध्येसुद्धा बंद नसतं.
आज आवाज दोनदा.

१४ जून
नऊपैकी सहा डाव झाले, समोरच्यांना एकही फटका नाही!
अशा वेळी पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, बोलायचं नाही. जवळ बसायचंही नाही. दृष्ट लागते. मीही आयुष्यभर हे पाळलं. सगळे सरकत सरकत बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले.
सातव्यात तो आवाज — ह्या वेळी मोठा. कोपरापासून खाली कढत पाणी ओतल्यासारखं झालं. अन्सेल्मोकडे पाहिलं. तो गवताकडे बघत होता. म्हणजे कोणाला ऐकू गेलं नाही. म्हणजे हे माझंच भूत.
डाव संपला. कॉर्विनला सांगायला म्हणून बाकावर येऊन बसलो. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. मान वर करेना. मीच उठून बोललो असतो, तर सगळं तिथंच संपलं असतं. बसून राहिलो. एवढी माणसं, आणि माझ्याभोवती स्मशान.
पुढचे चेंडू हळू, वळवून टाकले. कसे, ते विचारू नका.
नऊ डाव. एकही फटका नाही. पाण्याची पिंपं ओतली माझ्यावर. मॅनेजर म्हणाला, मंगळवारी वर जायचंय. कोणीतरी हातात बियर दिली. उजव्या हाताला ती धरवेना. डाव्यात घेतली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१६ जून
एमआरआयचा फोटो आला. कोपरातला अस्थिबंध तुटलाय, आरपार. मोठे डॉक्टर म्हणाले, ह्या वयात तिसऱ्यांदा शिवण्यात अर्थ नाही.
कॉर्विन म्हणाला, सांगायचं होतंस रे. कोणाला?

१९ जून
खोली आवरत होतो. अन्सेल्मो आला. दारातच उभा. एकही टोमणा नाही. मग म्हणाला, "सातव्यात ऐकलं होतं मी. साठ फुटांवरून ऐकू आलं. पण सामना तसा चाललेला असताना तुझ्याशी बोलायचं कसं?"
मी म्हणालो, तुझ्या जागी मीही गप्पच बसलो असतो.
खरंच बसलो असतो.