सावंतचं बॉम्बे

गुरुवार, रोल्ला, शारजा

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या मॅनेजरला, सावंतला, आज एका म्हाताऱ्या आयरिश क्लायंटवर छाप पाडायची होती. नेटवर काहीबाही वाचून आला आणि म्हणाला, "सर, तुमचं गाव किंग्जटाऊन ना? काय रॉयल नाव आहे."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "इंग्रजांचा राजा येऊन गेला म्हणून ते नाव ठेवलं होतं. आम्ही शंभर वर्षांपूर्वीच काढून टाकलं. गावाचं नाव डन लीरी. म्हणजे लीरीचा किल्ला. लीरी आमचा जुना राजा. तुमचं गाव कुठलं?"

"बॉम्बे," सावंत म्हणाला.

बॉम्बे. मुंबईसुद्धा नाही. हा कोकणातल्या लांज्याजवळचा, माझ्याच वाडीतला. मी शेजारी बसलेलो, तरी त्याची जीभ अडखळली नाही. समोरचा आत्ता काय सांगून गेला, तेवढं तरी कळावं की नाही माणसाला?

संध्याकाळी त्याच्याच गाडीतून परतलो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या आईचा फोन आला. तर हा म्हणतो, "आये, शिमग्याला येतोय. पालखी आधी आपल्याच दारात आणायला सांग."

गावदेवाच्या पालखीला बॉम्बेचा पत्ता द्यायला मात्र विसरला.