पुढच्या पाळीचा माणूस

हिंजवडी, पुणे
९ जानेवारी २०२५

प्रिय बजरंग,

नमस्कार. मी बरा आहे. मालनवहिनींचा गुडघा कसा आहे? तुझी गिरणी चालते का? वीज केंद्र बंद झाल्यावर पुनर्वसनवाल्यांनी आपल्या एका कॉलनीत सात गिरण्या वाटल्या, दळण आणायला माणसं मात्र ठेवली नाहीत.

दर रविवारी तू फोन करतोस. पण हे फोनवर जमेना, म्हणून पत्र.

माझं काम तेच, पंप आणि पॅनल, फक्त बॉयलरऐवजी एसी प्लांट. दिवसभर तळघरात. वर चार हजार माणसं बसतात, त्यांतलं एकही मला ओळखत नाही. माझ्यानंतरच्या पाळीला शुभंकर नावाचा इंजिनिअर येतो, कानात इअरफोन. मी उठतो, तो बसतो, झालं. तिकडे वीस वर्षं तू चार्ज घ्यायला आलास की आधी विचारायचास, "काय म्हनतंय बॉयलर?" मग दहा मिनिटं आपण बॉयलर सोडून सगळं बोलायचो. फार एकटं वाटतं रे इथे.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये तू आमच्या ओट्यावर पोहे खात होतास, तेव्हा मला फोन आला. "कुनाचा?" म्हणालास. मी म्हणालो, गॅसवाल्याचा. तो पुनर्वसनवाल्यांच्या प्रशिक्षण केंद्राचा होता. पुण्यात एक जागा आहे, सोमवारी परीक्षा, बजरंगलाही आणा, असं सांगत होते. मी एकटाच गेलो. दोघं गेलो असतो तर जागा तुझी होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. निघताना माझी बॅग स्टँडवर तूच उचललीस आणि वहिनींनी दशम्या बांधून दिल्या. त्या मला गिळवल्या नाहीत.

शुभंकर महिनाअखेर नोकरी सोडतोय. साहेबांना मी तुझं नाव सांगितलंय. सोमवारी, वीस तारखेला, अकरा वाजता परीक्षा आहे. नुसतं एवढंच कळवलं असतं तरी तू आला असतास, वर माझे आभार मानले असतेस. ते मला सोसलं नसतं.

राग गिरणीवर काढू नकोस, माझ्यावर काढ. पण ये. पुढचा माणूस आल्याशिवाय पॅनल सोडायचं नाही, हे मला तूच शिकवलंस.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पाळीच्या वहीत सही कर आणि बस. मी उठेन.

तुझ्या आधीच्या पाळीचा,
उत्तरेश्वर