पूर्वेच्या भिंतीतलं दार

४ नोव्हेंबर
माय आज परत भिंतीवर आपटली. सडा टाकायला बादली घेऊन निघाली ती सरळ पूर्वेच्या भिंतीत. कपाळाला टेंगूळ, घरभर पाणी. जुन्या गावातल्या घराचं दार पूर्वेला होतं, नदीकडे. इथं उत्तरेला, रस्त्याकडे. पुनर्वसनात आलो तेव्हापासून याच दारातून आली-गेली, कधी चुकली नाही. यंदाच्या पोळ्यापासून डोकं परत त्या घरी राहायला गेलंय. ते घर धरणाच्या पाण्याखाली आहे हे मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा नव्यानं रडली. आता सांगत नाही.

७ नोव्हेंबर
भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. वय झालं म्हणाले, वाद घालू नका. गोळ्या. संध्याकाळी माय शोभाला म्हणते, "तुमी लोक लय चांगले जी, पन आमाले आता घरी जाऊ द्या." इतक्या वर्षांची सून. तरी "जेवून जा न माय" म्हणाली, हसून. तिच्या जागी मी असतो तर भांडं आपटलं असतं. मायनं दोन घास खाल्ले. लोकांच्या घरी जास्त खाऊ नये, म्हणे.

९ नोव्हेंबर
भिंत फोडून दार काढावं का? शोभा म्हणाली, "पलीकडं शेजारच्या भाऊचं न्हाणीघर हाय. माय सडा टाकाले जाईन अन् भाऊ आंग धुत बसले असन." खूप दिवसांनी दोघं पोट धरून हसलो.

१२ नोव्हेंबर
सुचलं! जुन्या घराची सागवानी चौकट मागे टिनाखाली आहे, दारासकट. गाव सोडताना बाबांनी काढून आणली होती. इथं लोखंडी दार बसलं, मग तिच्यावर सरपण रचत गेलो. ती पूर्वेच्या भिंतीला ठोकायची. नुसती, भिंत न फोडता. मरायच्या आधी मायला एकदा आपल्या घरात असल्यासारखं वाटावं, बाकी काही नको मला.

१५ नोव्हेंबर
सुतारानं बसवली. थोडी वाळवी, पण उंबरठा शाबूत. जाताना म्हणतो, "भाऊ, भिंतीले दार लावून राहिलो मी, कोनाले सांगू नका." मायनं चौकटीवरून हात फिरवला. लहानपणी मी विळ्यानं केलेली खाच तिला बरोबर सापडली. शोभाकडून उंबरठ्याला हळदकुंकू लावून घेतलं. भात पोटभर खाल्ला, वरून मागून घेतला. मी धानगिरणीवर जाऊन सगळ्यांना सांगत सुटलो.

१६ नोव्हेंबर
सकाळी बादली घेऊन त्या दारापुढे उभी. ढकलून पाहिलं. मग कडी वाजवली. "कोन हाय घरात? दार काहून लावून घेतलं?" म्हटलं, माय, तू घरातच आहेस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कडी मीच लावली.

१९ नोव्हेंबर
दिवसभर दारासमोर. चप्पल पायात, पिशवी मांडीवर. आधी निदान पाहुणी तरी होती. आता तिच्या लेखी घर पलीकडे, आणि आम्ही सगळे बाहेर. जेवण नाही. "घरी जाऊनच जेवन." कालपासून नुसता चहा. शोभा ताट वाढते, झाकून ठेवते. भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर
चौकट काढायला गेलो. माय उंबरठ्यावर आडवी पडली. "घर मोडू नको गा बाबू. माहा पोरगा झोपला हाय आत."
गाव मोडताना मशीनवाल्यालाही तिनं असंच बाबू म्हटलं होतं. तेव्हा मी तिच्या बाजूनं उभा होतो. आज चौकट उचकटायची सब्बल माझ्या हातात. ठेवून दिली.

२२ नोव्हेंबर
गिरणीवर गेलो नाही. तिच्याजवळ जाऊन बसलो. ओळखलं नाही, पण सरकून जागा दिली. आवाज खोल गेलाय तिचा, हात लागला तर नुसती हाडं. पलीकडे शेजाऱ्यांनी नळ सोडला. माय एकदम हुशारली. "आयकलं का? नदीवरून आले वाटते घरचे. आता उघडतीन." मी हो म्हटलं. शोभानं दोन ताटं आणून ठेवली. मायनं हात लावला नाही. मीही नाही.