पुढच्या सीटवर कोणी नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नकोस असं तुला सांगण्यात अर्थ नाही (नर्स म्हणून चाळीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांना दटावण्यात गेली, स्वतःचं कधी ऐकलंस?), पण निदान कठड्याला धरून चढ. भाऊजींच्या कानातलं यंत्र चालतंय का, की अजून खिशातच असतं? इकडे सगळं ठीक आहे. दुकानात हिवाळी कोटांची घाई आहे आणि मशीनचा पट्टा तिसऱ्यांदा तुटला.

चिरंजीवांनी गाडी घेतली हे तुला फोनवर कळलंच. कळलं नाही ते असं, की त्या गाडीने मला माणूस मानायला नकार दिला आहे. थट्टा नाही. मी पुढच्या सीटवर बसले की समोर एक नारिंगी दिवा लागतो. त्यात बसलेल्या माणसाचं चित्र, त्याच्यापुढे एक मोठा गोल, आणि वर काट. चिरंजीवांनी माहितीपुस्तक उघडून वाचून दाखवलं, की सीटवर कोणी नसलं किंवा लहान मूल असलं तर गाडी त्या बाजूची एअरबॅग आपणहून बंद ठेवते आणि तसं कळवते. मी म्हटलं, अरे, पण मी बसलेय ना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते ताई, दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे क्षणभर त्याला ठरवता येईना.

मग गॅरेज. गॅरेजवाला लांब मानेचा आणि इतका हळू बोलणारा, की शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपलंय असं वाटावं. त्याला आधी दिसली ती माझी टाचण्यांची उशी. मी ती डॅशबोर्डवर गोंदाने चिकटवली होती (सिग्नलला एक बाही टाचून होते, वेळ का दवडा?). ती पाहून त्याचा रंगच उडाला. म्हणाला, मावशी, याच्याच आत पिशवी घडी करून ठेवलेली असते. गाडी जोरात आदळली की सेन्सर खूण करतो, आत छोटासा बार उडतो, गॅस होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगून बाहेर येते. ती मऊ उशी नसते, ठोसा असतो, आणि तो तुमच्या टाचण्यांसकट तोंडावर येईल. माणूस तिच्यावर आदळला की ती भोकांतून हवा सोडत ढिली पडते, पण त्यासाठी माणूस पट्ट्याने बांधलेला आणि नीट मागे टेकलेला हवा. पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडांवरून. पाय वर घ्यायचे नाहीत, मांडीवर बोचकं नको, मुलं मागच्या सीटवर, आणि चालवणाऱ्याची छाती चाकापासून निदान दहा इंच. इंच म्हटल्यावर मी गळ्यातली टेप काढलीच. चिरंजीव सात भरले. सीट मागे सरकवेपर्यंत मी त्याला उतरू दिलं नाही.

दिव्याबद्दल त्याचं म्हणणं असं, की सीटच्या आत वजन ओळखणारी गादी असते. मी आपली सीटच्या कडेला बसते, हात डॅशबोर्डला टेकवते, त्यामुळे गादीला माझं पुरतं वजन कळत नाही. मी अगदी पाठ टेकून बसले. दिवा तसाच. तो स्वतः बसला, दिवा विझला. पुन्हा मी, पुन्हा दिवा. मग चिरंजीवांनी डिकीतले कोटाच्या कापडाचे तागे आणले. एक ठेवला, काही नाही. दुसरा ठेवला, काही नाही. तिसऱ्याला दिवा विझला. तीन तागे म्हणजे माणूस, आणि मी कोणीच नाही. गॅरेजवाल्याने तारा तपासल्या, गादी तपासली, हात पुसले आणि सांगितलं की गाडीत दोष नाही. एवढं बोलून तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. मला ते बघणं आवडलं नाही. मावशी, जेवण जातं ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तू तुझे स्क्रू घट्ट कर.

तेव्हापासून मी मागे. जिथे पिशवी उघडणार नाही तिथे तू बसायचं नाही असं चिरंजीवांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण हे गेल्यापासून त्याच्या शेजारची जागा माझी होती गं. दिवसभराचं जे काही बोलायचं ते आम्ही तिथेच बोलायचो. मागून बोललं की तो काय म्हणून विचारतो, आणि दुसऱ्यांदा सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

गेल्या आठवड्यात दुकानातला पुतळा नवीन खोळ चढवायला न्यायचा होता. तोच, तीन वर्षांपूर्वी मी माझ्या मापाचा करून घेतलेला (आतून प्लास्टर, वरून कापूस, उचलायला दोघं लागतात). मागे अर्ध्या जागेत तागे, अर्ध्यात मी, म्हणून त्याला पुढे बसवला. पट्टा लावा म्हणून गाडी ओरडायला लागली. पट्टा लावला तशी गप्प झाली, आणि नारिंगी दिवा लागला नाही. पुतळ्याच्या अंगात माझाच निळा कोट होता. रस्ताभर मी माझ्याच खांद्यांकडे बघत होते. थोड्या वेळाने चिरंजीव बोलायला लागला, कामाचं, साहेबाचं, नेहमीसारखं, आणि मान वळवायची तर शेजारी वळवायचा, मागे नाही. सिग्नलला आमची एक गिऱ्हाईक, ती दातांची डॉक्टरीण, काचेशी वाकली आणि माझा कोट कधी देताय असं पुतळ्याला विचारून गेली. मी मुद्दाम खोकले. तिने पाहिलं नाही. तू हसत असशील, हस. मीही हसले, पण मागे बसून एकटीने हसल्यावर गाडीत जी शांतता झाली ती मला अजून ऐकू येते.

खोळवाल्याने मापं विचारली. मी म्हटलं, पुतळ्याची घे नाहीतर माझी घे, सारखीच आहेत. त्याने पुतळ्याची घेतली, मग माझी, मग टेप उलटसुलट करून पुन्हा माझी. कमरेत पाच इंचांचा फरक. ताई, गेलं वर्षभर मी माझे कपडे आत घेते आहे. दर वेळी अर्धा इंच. आमच्या धंद्यात अर्धा इंच म्हणजे काहीच नाही. धुतल्यावर कापड सैल पडतं, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो आणि मी मला सांगत गेले. दुसरी कोणी वर्षात दहा वेळा कंबर आत घ्यायला आली असती तर तिला मी दारातच खुर्चीवर बसवून विचारलं असतं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार. गाडीत पाठ टेकून बसत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र विनोदी झालंय, तेव्हा भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव. पण सिग्नलवरची डॉक्टरीण येऊन गेली की तिथेच थांब.

ता. क. चिरंजीवांना पाच इंचांचं माहीत नाही, मापं घेतली तेव्हा तो बाहेर गाडी लावत होता. त्याला अजून वाटतं सीटच बिघडलीय. दुसऱ्या गॅरेजला दाखवू, नाहीतर नवीन सीट बसवू म्हणतो, आणि फार आशेने म्हणतो. मी त्याला हो म्हटलंय.

ता. क. दवाखान्याची वेळ मी दोनदा घेतली आणि दोनदा दारातून परत आले. मला भीती वाटते. तिसरी वेळ गुरुवारी सकाळी दहाची आहे. सोबत कोण येणार असं तिथल्या बाईने विचारलं, तेव्हा तुला न विचारताच मी तुझं नाव लिहून दिलं.