रनवेची पकड

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा. मूल गावावरून सकाळची यष्टी, अहेरीले चहा, तिथून समोर ट्रकनं. चाळीस वर्सं डांबराचा मुकादम होतो, आता विमानाच्या नव्या पट्टीवर तपासणीले. वरचा थर मोहोळावानी भोकाभोकाचा. पाणी खाली झिरपते, चाक घसरत नाई. काम सोपं हाय. टँकरनं पाणी मारा, डायवर प्रफुल्ल जीप पळवते, पांढऱ्या रेषेवर ब्रेक दाबते, रेषेपासून जीप थांबते तिथवर पावलं मी मोजतो. आज चाळीस. सायेब म्हणते पंचवीसच्या आत पाहिजे, नाईतं पट्टी फेल. वरण चांगलं भेटते इथी.

६ नोव्हेंबर
टोकाचा तुकडा राह्यला अन् गिट्टी सरली. बाजूच्या टोल्यावर, आदिवासी वस्तीत, मेलेल्याईच्या नावानं उभे केलेले दगड हायेत. मीच म्हणलं, टाका क्रशरमंधी. कायले नाटकं. टोल्यावरच्या बुधरीबाईनं येऊन माये पाय धरले. म्हणे भाऊ, तो दगड माया कोलू हाय, माया मेलेला नवरा. म्या म्हणलं, दगड तं दगडच असते, बाई. सोडेच ना. लाथ मारून पाय सोडवला.

१० नोव्हेंबर
त्याच दगडाईच्या गिट्टीचा नवा तुकडा झाला. रेषा तिथीच ओढली. पहिल्याच फेरीत सतरा पावलं. सायेबानं पाठ थोपटली. बुधरी काठावर बसून पाहून राह्यली होती. हाकललं.

११ नोव्हेंबर
नऊ.

१२ नोव्हेंबर
दोन. प्रफुल्ल म्हणते त्यानं ब्रेक दाबलाच नाई, जीप आपोआप खिळली. तोंड काचेत गेलं, चार दात पडले. म्या म्हणलं, कमी पेत जा. वहीत लिहिलं — पास.

१३ नोव्हेंबर
रेषा झाडायले गेलो. चप्पल चिकटली. ओढली तं पट्टाच हातात आला. डांबर तं थंडगार होतं. सायेब हासला. म्हणे बापूराव, वय झालं तुमचं.

१४ नोव्हेंबर, सकाळ
आज पहिलं विमान. सायेब दुसऱ्या टोकाले, हार घेऊन. मी रेषेवर, पावलं मोजायले. उजवा पाय निघत नाई — डावा हात टेकला, तो बी — ओरडून घसा बसला. वही खिशात होती म्हणून —

तळव्याखाली बोटं हायेत. पाच.

बुधरी आली. म्हणलं सब्बलनं खोदून काढ, पाया पडतो तुया. थे म्हणे, दगड तं दगडच असते, भाऊ. गेली.

विमान टेकलं. भेव नाई. जीपले धरलं तसं कोलू याले बी धरन, दोन पावलावर —

विमानाले धरून नाई राह्यला.

मलेच —