श्वास रोखून भरायची बाटली

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९७४

आज मन जाग्यावर नाही. गोव्याहून सुमनचं, माझ्या थोरलीचं, पत्र आलं. किनाऱ्याजवळच्या समुद्रावर हवेत कोणते वायू किती, ते मोजायला तिला बोटीतून जायचंय. घरचा होकार हवा.

मामंजी म्हणाले, “हवा आणायला इतक्या लांब कशाला जायलीय? परभणीत हवा न्हाई का?”

मी पुढचं वाचलं. बाटली भरताना वाऱ्याकडे तोंड करायचं अन् श्वास रोखायचा. आपला श्वास आत गेला की माप बिघडलं.

नरसिंहाच्या नैवेद्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही, हे सुमनला मामंजींनीच शिकवलेलं. ते म्हणाले,

“म्हणजे सोवळ्यातलंच काम की. जाऊ दे तिला!”

मला तर राहवेना. औषधाची रिकामी बाटली घेतली, अंगणात वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखला. जमेल का तिला? बूच लावणार तोच मागून मामंजी, “सूनबाई, सांडू नका बरं हवा!” मला हसू फुटलं. सगळा श्वास बाटलीत!

उद्याच होकाराचं कार्ड टाकते. खाली लिहीन, बाटली भरताना आजोबांची आठवण काढू नकोस.